भुकेला कोंडा

पारगाव-खंडाळ्याच्या एसटी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. डिसेंबरची सकाळ. अंगात बायकोनं भिशीच्या पैशांतून घेतलेला नेव्ही ब्लू स्वेटर, पहिल्यांदाच घातलेला. मागून कुणीतरी खांद्यावर थापा मारायला लागलं. वळून बघतो तर आमच्या आळीतले नाना. ते थापा मारत नव्हते, झटकत होते.

"मास्तर, घाटातनं आलाय का? वर बर्फ पडलाय वाटतं."

स्टँडवरची दहाबारा माणसं हसली. हसण्यासारखंच होतं. आमचं खंडाळा म्हणजे सिनेमातल्या गाण्यातलं, लोणावळ्याला खेटून ढगात बसलेलं खंडाळा नव्हे. हे सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. इथं धबधबे नाहीत आणि पाऊस वीर धरणात किती पाणी आलं हे विचारून समजून घ्यायचा. मुंबईचे पाहुणे फोनवर "अय्या, खंडाळ्याला राहता!" म्हणतात आणि आल्यावर गच्चीत बसून हायवेवरचे ट्रक मोजतात. अशा गावात हिमवर्षाव होण्याची जागा एकच, ती म्हणजे माझे खांदे.

तसा हा बर्फ वीस वर्षं पडतच होता. पण तेव्हा माझ्याकडे खडू होता. मी हायस्कूलला मराठी शिकवतो. मास्तरच्या खांद्यावर पांढरं दिसलं की पालक कौतुकानं म्हणायचे, सर मन लावून शिकवतात. मग शाळेत पांढरा फळा आला, निळं मार्कर आलं, खडू हद्दपार झाला. महिनाभरानं सातवीतल्या एका पोरानं विचारलंच, "सर, तुम्ही अजून खडू कुठनं आणता?"

मी त्याला 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' या म्हणीचा अर्थ दहा वेळा लिहायला लावला. भूक लागली असेल तर कोंड्याची भाकरीही गोड लागते आणि झोप आली असेल तर उशाला धोंडाही चालतो. या म्हणीतली मेख मला स्वतःलाच कळायची होती, ती पुढं कळली.

आईचं निदान एका शब्दाचं होतं. कोरडं. डोकं कोरडं पडलंय म्हणून कोंडा होतो. उपाय दोन शब्दांचा. तेल लाव. रोज रात्री माझ्या उशाशी कापूर घातलेल्या कोमट खोबरेलाची वाटी यायची. मी कुरकुर केली की तिच्याकडे बिनतोड पुरावा तयार असायचा. "ल्हानपणी व्हता का रं तुला कोंडा? का नव्हता? माझ्या हातचं त्याल व्हतं डोस्क्याला." यावर काय बोलणार? लहानपणी कोंडा नव्हता हे खरंच होतं. तेल होतं हेही खरं होतं. कानामागून ओघळ यायचा, इतकं होतं.

शिवाय तेल लावल्यावर दुसऱ्या दिवशी खांदे स्वच्छ असायचे. दोन दिवसांनी डोकं धुतलं की पुन्हा सुरू. कोंडा जात नव्हता, दबून बसत होता. धूळ उडू नये म्हणून अंगणात सडा मारतात, त्यातला प्रकार. सड्यानं माती कुठं जाते?

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख झाला नसता. पण कोंड्याबरोबर केसही जायला लागले. आधी कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून, मग मागून. मागचं मला दिसण्याचं कारण नव्हतं. ते आमच्या सलूनवाल्यानं दाखवलं. कटिंग झाली की तो मागं छोटा आरसा धरतो आणि आपण समोरच्या आरशात बघून मान हलवायची, असा रिवाज आहे. त्या दिवशी मी बघितलं आणि मान हलवायची विसरलो. खंबाटकीच्या डोंगराला बोगदा पाडलाय तसा गोल, गुळगुळीत ठिपका.

"ह्यो कोंडा हाय ना सर, ही बुरशी असती," तो कात्री वाजवत म्हणाला. "बुरशी मुळं खाती. मुळं ग्येली की झाड पडायचंच." मागच्या बाकावर एक कांदेवाले शेतकरी दाढीसाठी थांबले होते. बुरशी म्हटल्यावर तो विषय त्यांचा झाला. कांद्यावर करपा पडल्यावर ते काय फवारतात, किती लिटरला किती ग्रॅम, हे त्यांनी तपशिलात सांगितलं आणि थोडं उरलंय, हवं असलं तर द्यायची तयारीही दाखवली. फवारा घरचाच आहे म्हणाले.

फवारणी मी नाकारली, पण कांदा स्वीकारला. आमच्या तालुक्यात लोणंदची कांदा बाजारपेठ आहे आणि त्या वर्षी भाव पडलेला होता. कुणाच्याही घरी गेलं तरी निघताना पिशवीभर कांदे मिळत. कांद्याच्या रसानं केस येतात असं गावातल्या प्रत्येक मोबाईलवर आलेलं होतं. मी पंधरा दिवस रस चोपडला. पहिल्या बाकावरच्या पोरांनी डोळे पुसत 'श्यामची आई' ऐकलं. मला वाटलं, आपलं वाचन सुधारलं. पुढं कळलं की २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी कांद्याचा रस खरोखरच लावून पाहिला होता आणि बऱ्याच जणांना केसही आले होते. पण ती चाई पडलेली माणसं होती. चाई वेगळी, टक्कल वेगळं. हे मला सगळी पिशवी संपल्यावर कळलं.

मग दही झालं, लिंबू झालं, मेथ्या झाल्या. बायको म्हणाली, "आता मीठ-साखर तेवढी राहिलीय, म्हणजे कोशिंबीर होईल." शेवटी मी केस मोजायला सुरुवात केली. उशीवरचे, कंगव्यातले, मोरीच्या जाळीतले, असे तीन रकाने करून परीक्षेच्या जुन्या गुणपत्रकावर रोज आकडा टाकायचा. सोमवार ६१, मंगळवार ७४, रविवारी न्हाल्यावर १३८. रविवारचा आकडा बघून मला घाम फुटला. मुलीनं जाळीतला एक केस उचलून माझ्यासमोर धरला. दीड हात लांब होता. "बाबा, हा पण तुमचाच का?"

याच सुमारास शेगावचं प्रकरण झालं. डिसेंबर २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड वगैरे गावांतल्या माणसांचे केस हातात यायला लागले. आज खाजवलं, उद्या पुंजके, तीन-चार दिवसांत टक्कल. बायाबापड्या, शाळेतली पोरं, सगळे. लग्नं मोडायची वेळ आली, परगावचे लोक जवळ बसेनात. सुरुवातीला बुरशीवर संशय गेला. मग पाण्यावर, मग शांपूवर. दिल्लीहून, चेन्नईहून तज्ज्ञ आले, टाळूचे तुकडे तपासायला गेले. आमच्या स्टाफरूममध्ये पेपर माझ्या टेबलावर उघडा ठेवलेला असायचा. नाना तर रस्त्याच्या पलीकडूनच नमस्कार करायला लागले.

बुरशीवरचा आळ मात्र टिकला नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचवाच्या दंशावर उपचार शोधून कोकणातली शेकडो माणसं वाचवली, ते तिथं जाऊन आले आणि त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर. गव्हात सेलेनियम फार, माणसांच्या रक्तात सेलेनियम फार, जस्त कमी, असं त्यांचं म्हणणं. यातली गंमत मला नंतर कळली. हेच सेलेनियम गंधकाबरोबर मिसळून शांपूत घालतात, कोंड्यासाठी. पोटात जास्त गेलं तर केस जातात, डोक्यावर लावलं तर कोंडा जातो. आपण कुठून आत शिरतो याचं भान मास्तरांइतकंच मूलद्रव्यांनीही ठेवायला हवं.

शेवटी साताऱ्याला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या. भिंग घेऊन त्यांनी डोकं बघितलं, कपाळाच्या कडा, भुवया, कानामागची घडी, नाकाच्या बाजू, सगळीकडून फिरून आल्या आणि विचारलं, "तेल लावता?"

"रोज रात्री," मी अभिमानानं म्हणालो. "कोमट करून."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

तर गोष्ट अशी आहे. यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट प्रत्येक मोठ्या माणसाच्या टाळूवर राहतं. माझ्या, तुमच्या, हेडमास्तरांच्या, डॉक्टरीणबाईंच्याही. नाव फ्रान्सच्या लुई-चार्ल्स मालासे यांच्यावरून. त्यांनी १८७४ साली कोंड्याच्या पापुद्र्यात हे जीव दाखवले. आपल्याकडे थोर माणसाचं नाव चौकाला देतात, या बिचाऱ्याचं कोंड्यातल्या बुरशीला दिलं. याला खायला तेल लागतं. २००७ साली यातल्या एका जातीचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा दिसलं की स्वतःपुरती मेदाम्लं तयार करायची यंत्रणाच त्याच्याकडे नाही. सगळं दुसऱ्याच्या घरचं. परान्नपुष्ट हा शब्द मी पंचवीस वर्षं समासासाठी शिकवतोय, त्याचं उदाहरण डोक्यावर घेऊन हिंडत होतो हे माहीत नव्हतं.

प्रयोगशाळेत बुरशी वाढवायची तर एक नेहमीचं खाद्य असतं, बहुतेक बुरशा त्यावर सुखानं वाढतात. मॅलॅसेझियाच्या बऱ्याच जाती तिथं नाक मुरडतात. मग वरून ऑलिव्हच्या तेलाचा थर द्यावा लागतो, तेव्हा कुठं स्वारी जेवायला बसते. माझ्याकडे ही सोय घरपोच होती, कापूर घालून.

बरं, जेवण्याची पद्धत तरी नीट? तीही नाही. हे यीस्ट आपल्या टाळूवरचं तेल फोडतं, त्यातली हवी ती मेदाम्लं खातं आणि नको ती ताटात टाकून उठतं. टाकलेल्या उष्ट्यात ऑलिइक आम्ल नावाचा पदार्थ असतो. काही माणसांच्या कातडीला तो मुळीच बाधत नाही. उरलेल्यांच्या टाळूला तो झोंबतो. टाळू बिथरते, खाज सुटते आणि महिनाभरात सावकाश पार पाडायचं कातडी बदलायचं काम ती घाईघाईनं उरकायला लागते. तव्यावरून अर्धकच्ची भाकरी ओढावी तसे पापुद्रे निघतात. हाच कोंडा. जगातल्या जवळपास निम्म्या मोठ्या माणसांना तो होतो. जुन्या वैद्यांनाही तो ठाऊक होता, सुश्रुतानं क्षुद्ररोगांत त्याला 'दारुणक' म्हटलंय. रोग क्षुद्र आणि नाव दारुण, म्हणजे बहुधा त्यांनाही कुणी स्टँडवर झटकलं असावं.

"पण मग लहानपणी का नव्हता?" मी आईच्या वतीनं विचारलं.

"लहानपणी डोक्यातल्या तैलग्रंथी झोपलेल्या असतात. वयात आल्यावर जाग्या होतात. तोवर याला नेमानं जेवण नाही."

आईचा चाळीस वर्षांचा बिनतोड पुरावा तिथं एका वाक्यात तुटला. ही बातमी घरी सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मग मी मुद्द्यावर आलो. "बुरशीनं मुळं खाल्ली ना?"

"वडिलांना केस होते?"

मी ठामपणे "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. आमच्या आबांचं डोकं मी कधी बघितलं होतं? सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत पांढरी टोपी. आजोबांचंही तेच. लोणंदला माउलींची पालखी आली की आबा दर्शनाला वाकायचे, तेव्हा एका हातानं टोपी धरून वाकायचे. मी ती भक्ती समजत होतो. आमच्या घराण्यात टक्कल कधीच नव्हतं, टोपी होती. टोपी पांढरी असल्यामुळं कोंडाही नव्हता. दोन पिढ्यांचा पुरावा खादीखाली झाकला होता, आणि टोपी घालणं सोडून मीच तो चव्हाट्यावर आणला.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या. पुरुषी टकलाचं कारण शरीरातल्याच एका संप्रेरकात. कपाळावरच्या आणि माथ्यावरच्या काही मुळांना ते मानवत नाही, मुळं दरसाल बारीक होत जातात, जाड केसाच्या जागी लव येते. कुणाच्या मुळांना मानवणार नाही ते आईबापांकडून येतं, दोन्हीकडून. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिलं की वयात येण्याआधीच ज्यांचे अंडकोश काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. खात्रीचा उपाय म्हणावा तर हाच. मी मनातल्या मनात उरलेल्या केसांना निरोप दिला.

कोंड्याचा आणि केसगळतीचा संबंध अगदीच नाही असं मात्र नाही. यीस्टच्या उष्ट्यानं टाळू सुजते, आपण नखं लावून खाजवतो, मुळाभोवती दाह राहतो. अशा जमिनीत केसाची पकड सैल होते, चार महिन्यांनी पडायचा तो आज पडतो. टाळू शांत झाली की असा केस परत येतो. आबांच्या वारशानं गेलेला येत नाही. "घराचा पाया खचलाय सर, आणि तुम्ही पाहुण्यावर आळ घेताय. पाहुण्यानं फार तर दार आपटलं असेल." मी त्यांना त्या वाक्याला दहापैकी नऊ गुण दिले. आळ घेण्यात आमचा सलूनवाला एकटा नव्हता म्हणा. पॅरिसचे रेमंड साबुरो, ज्यांच्या नावानं ते बुरशीचं खाद्य आजही ओळखलं जातं, तेसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टकलाचं खापर टाळूवरच्या जंतूंवर फोडून बसले होते.

माझं गुणपत्रकही त्यांनी बघितलं. डोक्यावर लाखभर केस, त्यातले रोज पन्नास-शंभर गळणं हा नेहमीचा व्यवहार. "मुलीचे वजा करा," म्हणाल्या.

औषध साधं निघालं. केटोकोनाझोलचा दोन टक्केवाला शांपू, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. नंतर पंधरा दिवसांतून एकदा, कारण पाहुणा जात नाही, त्याची पंगत फक्त आटोक्यात ठेवायची. टक्कल पूर्ण पडलं तरी तैलग्रंथी जागेवरच असतात, चकाकी त्यांचीच. बेल्जियममध्ये १९९८ साली याच शांपूनं केस जरा जाड झाल्यासारखेही दिसले होते, पण तो अभ्यास लहान होता आणि त्यावर घर बांधू नका, असंही बजावलं.

"हा शांपू मी दोन वर्षांपूर्वी आणला होता," मी म्हणालो. "काही फरक पडला नाही."

"किती वेळ ठेवला?"

"म्हणजे?"

"फेस झाल्यावर किती वेळानं धुतला?"

लगेच. शांपू लावायचा आणि धुवायचा, यात थांबायचं काय असतं? पाच मिनिटं थांबायचं असतं. बुरशीपर्यंत औषध पोचायला तेवढा वेळ लागतो. बाटलीवर लिहिलेलं होतं. मराठीचा मास्तर, पोरांना 'सूचना नीट वाचा' म्हणून छड्या दाखवणारा, आणि बाटलीवरची सूचना वाचली नाही.

पाच मिनिटं किती असतात हे ज्यानं जानेवारीत खंडाळ्याच्या मोरीत, उघड्या अंगानं, डोक्यावर फेस घेऊन, डोळे मिटून काढली नाहीत त्याला कळायचं नाही. डोंगरावरून उतरलेला गारठा खिडकीच्या फटीतून बरोबर पाठीवर येतो. घड्याळ बाहेर असतं. मी अंदाजानं साठापर्यंतचे आकडे पाच वेळा म्हणायचं ठरवलं. दुसऱ्या साठीला बायकोनं दार वाजवलं, मोटार बंद करतेय, पाणी घेतलंय का? तिसऱ्या साठीत मुलीची शाळेची गाडी. चौथ्या साठीला फेस डोळ्यात गेला आणि मी आकडा विसरलो. पुन्हा एकपासून सुरुवात. बाहेर आई म्हणत होती, "येवढा येळ काय करतोय आत? केस तरी हायीत का येवढं?"

तीन आठवड्यांत खांदे स्वच्छ झाले. खाज थांबली. उशीवरचा आकडाही उतरला, बोगदा मात्र आहे तिथंच आहे आणि थोडा रुंदावतोय. घाटातल्या नव्या बोगद्याचं काम चालू आहे, त्यांची माझी शर्यत लागली आहे.

नेव्ही ब्लू स्वेटर घालून परवा पुन्हा स्टँडवर गेलो. नानांनी मागून बघितलं, पुढून बघितलं आणि निराश होऊन साताऱ्याच्या गाडीत बसले.

तेलाची वाटी अजून रोज रात्री उशाशी येते. कोमट, कापूर घातलेली. आई दार लोटून गेली की मी ते तेल पायांच्या भेगांना लावतो. भेगा बऱ्या होत आल्यात. काल दुपारी अंगणात बसल्या बसल्या आईनं माझं डोकं जवळ ओढलं, उरलेल्या केसांतून बोटं फिरवली, कोंडा शोधला. सापडला नाही.

"बघ," ती शेजारच्या काकूंना म्हणाली, "चाळीस वर्सं सांगत हुते, त्याल लाव म्हणून."